शेप्याला कुणी मारलं?

"शौनक, बादली पुन्हा अर्धीच! झाडाला पाणी घालतोयस की तीर्थ देतोयस?" उर्वी ओरडली.

"अगं, वाटेत सांडलं ना! एवढ्या लांबून आणायचं म्हणजे..."

"सांडलं तर जमीन ओली कशी नाही झाली रे?" मयूरने वाकून बघितलं. "की तूच प्यायलास?"

तिघंही हसले, पण हसू लगेच विरलं. कारण वरून एक पान पडलं, मग दुसरं, मग तिसरं. मे महिना होता, वारा अजिबात नव्हता, तरी आंब्याची पानं भुरूभुरू गळत होती. कडा करपलेल्या, हात लावला की चुरा!

कळव्याच्या आम्रकुंज सोसायटीत सुट्टी लागल्यापासून हा रोजचा कार्यक्रम होता. सकाळी सात वाजता, हल्ली प्रत्येकी दोन बादल्या. उर्वी राहायची ब विंगमध्ये चौथ्या मजल्यावर, शौनक तिच्या बरोब्बर खाली. मयूर सोसायटीतला नव्हता. गल्ली ओलांडली की गावठाण लागतं, तिथे तो आजीबरोबर राहायचा. पण झाडावर खरा हक्क कोणाचा असेल, तर त्याचाच! हा रायवळ आंबा त्याच्या पणजीने लावला होता. फळाला शेपूच्या भाजीचा वास, म्हणून झाडाचं नाव शेप्या. शेपूची भाजी बघून तोंड वाकडं करणारा शौनक शेप्याचे आंबे मात्र एका बैठकीत सहा संपवायचा.

इथे बिल्डिंग बांधायला जमीन विकली, तेव्हा मयूरच्या आजीने, कमळाबाईंनी, एकच अट घातली होती. शेप्याला हात लावायचा नाही. सगळ्यांनी आनंदाने मान डोलावली आणि सोसायटीला नावसुद्धा त्याच्यावरूनच दिलं. तेवीस वर्षांत ती अट कोणी मोडली नव्हती.

यंदा मात्र कैऱ्या लिंबाएवढ्या असतानाच गळून पडल्या होत्या. पाणी कमी पडतंय, म्हणून मुलांनी एकाच्या दोन बादल्या केल्या. तर झाड दुप्पट वेगाने वाळायला लागलं!

"नोटीस वाचलीत का?" मयूरने फळ्याकडे बोट दाखवलं. "झाड कीड लागून मेलंय म्हणे. रविवारी उद्यान खात्याच्या मॅडम येणार, बघणार, आणि सोमवारी कापणार."

खाली सही होती उर्वीच्या बाबांची. गुरुदत्त, सेक्रेटरी.

"बाबाला पण किती वाईट वाटलं असेल," उर्वी म्हणाली. "पाणी घालायची आयडिया त्याचीच होती ना. पहिली बादली त्याने माझ्या हातून घालून घेतलेली. फोटो पण काढलेला."

"पण कीड कुठंय?" मयूर बुंध्याभोवती फिरत होता. "आंब्याला कीड लागली की बुंध्यातून भुसा पडतो. आमच्याकडे एक झाड गेलेलं, मी बघितलंय. इथं चिमूटभर तरी भुसा दाखव."

शौनक एकदम ताठ उभा राहिला. डिटेक्टिव्ह होण्याची अशी संधी तो सातवीपासून शोधत होता. "गवत पण मेलंय! आणि मुंग्या? या झाडावर बसलं की चावून जीव घ्यायच्या. गेल्या दोन आठवड्यांत कोणाला एक तरी मुंगी चावली?"

आळ्याच्या कडेला, जिथे पाणी पोचत नव्हतं, तिथे मातीवर पांढुरका थर धरला होता. झाडाला कोणी तरी खत घातलंय, असं समजून रोज ते त्याच्याकडे बघत होते. मयूरने एक ढेकूळ उचललं आणि खिशात टाकलं.

"आजीला दाखवू या. तिला मातीतलं सगळं कळतं."

कमळाबाई ओट्यावर बोंबील निवडत होत्या. त्यांनी ढेकूळ हातात घेतलं, बोटांनी चुरलं आणि कोणी काही म्हणायच्या आत जिभेच्या टोकाला लावलं.

"ई! आजी!" शौनक किंचाळला.

कमळाबाई थुंकल्या. त्यांचा चेहरा पार बदलला होता.

"कुठनं आनलंव ह्ये?"

"शेप्याच्या आळ्यातून. खत आहे ते," उर्वी म्हणाली.

"खत नाय गो बाय. मीठ हाय ह्ये. घरातलं नाय, बरफवाल्यांचं. जाडं, काळपट, न धुतलेलं. अठरा वरसं मिठागरात पाट्या वाहिल्या मी डोक्यावरनं. मना कोन फसवनार?" त्या झाडाच्या दिशेने बघत राहिल्या. मग हळूच विचारलं, "आनि पानी कोन घालतं त्याला?"

"आम्ही," उर्वीच्या तोंडून कसाबसा शब्द फुटला. "रोज."

कमळाबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसते डोळे मिटले. मीठ वर पडून राहिलं असतं तर झाड कदाचित तगलं असतं. मुलांनी एकतीस दिवस, न चुकता, ते विरघळवून मुळांपर्यंत पोचवलं होतं. शेवटी तर दुप्पट! उर्वीने आपल्या तळहातांकडे पाहिलं. बादलीच्या कडीने घट्टे पडले होते, आणि आजवर तिला त्यांचा अभिमान वाटत होता.

परतताना शौनकने संशयितांची यादी सुरू केली. कोणी तरी बोलत राहणं भागच होतं. "नंबर एक, तळमजल्यावरच्या गोदाकाकू. पानं झाडून झाडून वैतागल्यात. नंबर दोन..."

"गोदाकाकू मीठ वाया घालवतील? त्या कढीपत्तासुद्धा मोजून देतात!" मयूर म्हणाला. "यादी राहू दे. खत कोणी आणलं ते शोधू."

गेटवर वॉचमन हरिहरकाका बसले होते. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीची नोंद त्यांच्या वहीत असायची. शौनक स्टुलावर टेकला आणि पटकन उठला. "काका, ही गोणी टोचते हो!"

"घडी करून घातलीय बसायला. खताची आहे ती, झाडाला घातलं तेव्हाची."

मयूरने गोणी ओढून उलगडली. आतून दोन-चार जाड खडे खाली पडले. गोणीवर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, बर्फ कारखान्यासाठी, खाण्यास अयोग्य.

"मिळालं!" शौनकने उडीच मारली. "काका, वही द्या ना, प्लीज! एप्रिलची पानं... हां, सापडलं! बावीस एप्रिल, टेम्पो, खताच्या सहा गोण्या, कोणाकडे? ब चारशे..."

तो थांबला.

"ब चारशेदोन," उर्वीने वहीत डोकावून वाचलं. "आमचं घर."

मयूरने वही मिटली. "उर्वी, तुझ्या बाबांना कोणी तरी फसवलं असेल. खत म्हणून मीठ विकलं असेल."

"हो ना! शंभर टक्के!" शौनक म्हणाला.

"मी विचारते त्याला," उर्वी म्हणाली. जिने चढताना ती मनातल्या मनात देवाला सारखी सांगत होती, फसवलेलं असू दे, बाबाला कोणी तरी फसवलेलं असू दे.

बाबा संध्याकाळी घरी आला, तेव्हा तिने गोणीतून पडलेले खडे टेबलावर ठेवले. तो "हे काय?" म्हणाला असता तर तिने त्याच्या गळ्यातच उडी मारली असती. पण त्याने तसं विचारलं नाही. खडे बघून तो खुर्चीत बसला.

"कोणाकोणाला माहितीये?" त्याने विचारलं.

उर्वी टेबलापासून एक पाऊल मागे सरली.

"ऐक, उर्वी. वरचा स्लॅब बघ. गेल्या पावसाळ्यात आपण स्वयंपाकघरात छत्री उघडून चहा केला. तुझी आई गुडघे धरून चार मजले चढते. छत्तीस घरांची हीच गत आहे. नवीन बिल्डिंगचा प्लॅन तीन वर्षं अडकलाय, का? एका झाडामुळे! हिरवं झाड तोडायची परवानगी मिळता मिळत नाही. वाळलेल्याची लगेच मिळते. मला खूप वाईट वाटलं, खरंच. पण छत्तीस घरं आणि एक झाड, यात काय निवडशील तू?"

"मला नाही माहीत," उर्वी म्हणाली. तिला खरोखरच माहीत नव्हतं. आईचे गुडघे तिला दिसत होते. "पण आम्हाला पाणी का घालायला लावलंस?"

बाबाने खाली बघितलं. "मुलं झाडाची काळजी घेताना दिसली, की कोणी शंका घेत नाही."

आतापर्यंत उर्वी रडली नव्हती. आता तिला राहवेना. हाच तो बाबा! चौथीत असताना तिचं एक उत्तर चुकलं होतं आणि बाईंनी नजरचुकीने बरोबरची खूण केली होती. तेव्हा बाबाने ऑफिसला उशीर करून तिला शाळेत नेलं होतं, तो मार्क कमी करून घ्यायला. वर्गात तिचा पहिला नंबर गेला होता आणि येताना त्याने तिला उसाचा रस पाजला होता.

"रविवारी तू स्वतः सांग," ती डोळे पुसत म्हणाली. "तू नाही सांगितलंस तर मी सांगणार."

"बापाला सगळ्यांसमोर उघडं पाडशील?"

उर्वीने टेबलावरचे खडे गोळा करून मुठीत घेतले.

रविवारी दहा वाजता झाडाखाली अख्खी सोसायटी जमली. कमळाबाई मयूरचा हात धरून आल्या होत्या. उद्यान खात्याच्या रचना मॅडमनी खोडाची साल खरवडली. आत हिरवं काहीच नव्हतं.

"मेलंय," त्या म्हणाल्या आणि फॉर्म काढला. "कारण काय लिहू, सेक्रेटरी?"

बाबाने उर्वीकडे पाहिलं. उर्वीने श्वास रोखून धरला. सांग ना बाबा! त्याचे ओठ हलले, परत मिटले.

"कीड," बाबा म्हणाला.

मॅडम लिहू लागल्या.

"थांबा!" उर्वी पुढे झाली. तिचा आवाज इतका कापत होता, की तिला दोनदा सांगावं लागलं. "कीड नाहीये. मीठ घातलंय. सहा गोण्या. गोणी आहे, वहीत नोंद आहे. आम्ही तिघांनी पाणी घातलं, पण आम्हाला माहीत नव्हतं. मीठ... मीठ माझ्या बाबांनी घातलं."

एकच गलका उडाला!

"अगं, काय बोलतेस तू! बाबांबद्दल?"

"गुरुदत्त, आवरा हिला!"

"आमच्या घरांचं काय? बिल्डिंग पडली अंगावर, तर ही येणार आहे का?"

मयूर आणि शौनक येऊन तिच्या दोन बाजूंना उभे राहिले. मयूरने गोणी मॅडमच्या पायाशी टाकली. शौनकने वही उघडून धरली. ओरडा वाढला, पण वही त्याने खाली केली नाही. मॅडमनी आळ्यातला पांढरा थर पेल्यातल्या पाण्यात ढवळला, चाखला आणि फॉर्मवरचा शब्द खोडला.

"पोर खरं बोलतेय," बाबाचा आवाज आला. इतका बारीक, की मागच्यांनी "काय? काय?" विचारलं. "मीच घातलं. तिला ओरडू नका."

मॅडमनी कागद करून बाबाची सही घेतली. आता रीतसर चौकशी होणार होती, दंडही होणार होता. नव्या बिल्डिंगची परवानगी पुन्हा पहिल्यापासून मागावी लागणार होती.

"तुम्ही तिघांनी फार मोठं काम केलंत," मॅडम म्हणाल्या. "एवढी हिंमत मोठ्यांत पण नसते. शाब्बास!"

गोदाकाकूंनी आधी टाळी वाजवली, मग हळूहळू आणखी काहींनी. काही जण मात्र पाठ फिरवून निघून गेले. हरिहरकाकांनी शौनकची पाठ थोपटली, तर शौनकने तोंड झाकून घेतलं. त्याची पहिली केस सुटली होती आणि त्याला रडू फुटलं होतं.

"मॅडम, आता झाड वाचेल ना?" मयूरने विचारलं.

मॅडमनी मान हलवली. "उशीर झाला रे बाळा."

कमळाबाईंनी उर्वीला जवळ घेतलं. "लय गुनाची पोर हायस तू," त्या म्हणाल्या. मग त्यांचा आवाज फुटला. "पन माझं झार गेलं ना गो."

त्या दोघी किती तरी वेळ तशाच उभ्या होत्या. सगळ्यांची शाब्बासकी मिळाली होती. ज्याची हवी होती, तो एकटाच मान खाली घालून जिना चढून गेला होता.

दुपारी उर्वी घरी आली. आईने दार उघडलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि आतल्या खोलीकडे खूण केली. बाबा भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. उर्वी दारातच थांबली.

"ये," तो म्हणाला.

ती त्याच्या शेजारी बसली, पण थोडं अंतर ठेवून. असं अंतर ठेवून ती त्याच्या शेजारी कधीच बसली नव्हती.

"तुला सगळं आधीच माहीत होतं," बाबा म्हणाला. "मॅडम आल्या आल्या सांगून टाकायचंस. मी 'कीड' म्हणेपर्यंत का थांबलीस?"

"मला वाटलं, तू सांगशील."

"मलाही वाटलेलं गं," तो म्हणाला, आणि त्याने तोंड भिंतीकडे वळवलं.