फणीचं उत्तर

माणसाने दुसऱ्याच्या घरी जरा बेताने वागावं. हा बेडकांवर संशोधन करणारा पोरगा, आमचा बेडूकवाला, माझ्या रोपवाटिकेत बूट घालून असा हिंडायचा, जणू वाफे याच्याच आजीने घातलेत. मागच्या तळ्यावर बसून यंत्रातून एका बेडकाचा जुना आवाज लावायचा, मग कान टवकारायचा. ती जात बहुतेक संपली, म्हणायचा. ऊन वाढलंय, पिल्लांना पाय फुटायच्या आत तळं आटतं.

एका संध्याकाळी कुंपणापलीकडून उत्तर आलं. कर्र्र… कर्र्र…

चिखलासकट माझ्या पायरीवर धावत आला. "आजी, आहे! एक तरी आहे!" डोळे भरलेले. माझी नात शेजारीच येऊन उभी राहिली आणि रिकाम्या झारीने रोपांना पाणी घालायला लागली.

मला तिथेच कळलं. लग्नाआधी आमचे हे तळ्याच्या पलीकडून शिंगाच्या फणीवर नख ओढून अस्साच आवाज काढायचे. शेकडो बेडकांच्या गलक्यात माझ्या वडिलांना पत्ता लागायचा नाही, मला मात्र माझा बेडूक बरोबर ओळखू यायचा. पुढे नातीला मांडीवर घेऊन यांनी तीच फणी शिकवली. आता हेही नाहीत, तो गलकाही नाही.

बेडूकवाला रोज यायला लागला. नातीशी बोलताना चहा गार करायचा. बेडकांशीच बोलता की माणसांशीही, असं तिने विचारलं, तर म्हणाला, माणसं उत्तर देत नाहीत. पोरगी कानापर्यंत लाल.

मग एक दिवस म्हणाला, आता मोठ्या साहेबांना घेऊन येतो. नात पेचात पडली. सांगावं तर हा जाणार, न सांगावं तर चारचौघांत याचं हसं होणार.

शेवटी तिने त्याच्यासमोर फणी काढली. नख ओढलं. कर्र्र…

त्याने वळून तळ्याकडे पाहिलं.

"म्हणजे… एकही नाही?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही यायचं थांबाल, म्हणून मी —"

त्याने यंत्र आवरलं, पिशवी खांद्याला लावली. पण पाय उचलेना. आणि तिच्या हातातली फणी कधी घेतली कोण जाणे, मुठीत घट्ट धरलेली.

मग मीच पुढे झाले. म्हटलं, "बेडूक गेला, त्याचं खुशाल रड. मीही रडते. पण हाक तू घातलीस आणि उत्तर हिने दिलंय. जायचं असेल तर फणी ठेव. राहायचं असेल तर आधी ते बूट काढ."