वायर उलटी लागली…

“तुझा हात नेहमीच इतका गरम असतो, की आज खास माझ्यासाठी?”

विचारलं! तूवानं खरंच विचारून टाकलं! दारात घोळका करून उभ्या मैत्रिणींनी एकमेकींच्या स्वेटरमध्ये तोंडं खुपसली. पैज त्यांच्यातल्याच एब्बाची – विद्यापीठाची प्रयोगशाळा बघायला गेलो की तिथल्या सगळ्यात देखण्या पोराला हे विचारायचं.

पोराचं नाव विदार. पहिल्या वर्षाला, अठरा वर्षांच्या तूवापेक्षा जेमतेम वर्षानं मोठा. तिच्या हातावर प्लॅस्टिकची चकती चिकटवताना त्याचे कान टोमॅटोसारखे झाले.

“प्रश्न मी विचारायचे असतात,” तो म्हणाला. “सकाळपासून कॉफी घेतली नाहीस ना? आकडे बिघडतात.”

“नाही. आणि कॉफीशिवाय मी चावते, आधीच सांगते.”

तो खुदकन हसला. वर्गाच्या बाई आत आल्या आणि मैत्रिणींना शेजारच्या खोलीत हाकून घेऊन गेल्या.

रक्तप्रवाहाच्या या प्रयोगासाठी तूवानं हात का वर केला, हे मैत्रिणींना ठाऊकच नव्हतं. ती बँडीच्या, म्हणजे बर्फावर चेंडूनं खेळायच्या हॉकीच्या, संघाची गोलकीपर. गोलकीपरला स्टिक नसते, बर्फावरून सुसाटत येणारा चेंडू हातांनीच अडवायचा. आणि गेल्या हिवाळ्यात तिची बोटं थंडीनं मेणबत्तीसारखी पांढरी पडली… चेंडू निसटला… सामना गेला. आई-बाबा म्हणाले, आता पुरे. पण कॅप्टनला आज उत्तर हवं होतं – खेळणार की नाही?

विदारनं चकतीत औषधाचे थेंब सोडले. “यानं रक्तवाहिन्या रुंद होतात. सुई नाही की काही नाही, हलका विजेचा प्रवाह औषधाला त्वचेतून आत ढकलतो. मग रक्त धावत येतं, आणि पडद्यावरची ती रेघ चढते. दुखलं तर सांग.”

“गुदगुल्या होतायत. विजेनं की कशानं, कोण जाणे!”

पण रेघ… हललीच नाही. जमिनीसारखी सपाट!

“म्हणजे माझ्या रक्तवाहिन्या उघडतच नाहीत,” तूवा पुटपुटली. आणि काय झालं कुणास ठाऊक, पांढरी बोटं, निसटलेला चेंडू, सगळं त्या अनोळखी पोराला सांगून मोकळी झाली.

विदार टक लावून ऐकत होता. मग त्याची नजर यंत्रावर गेली आणि त्यानं कपाळावर हात मारला.

“वायर उलटी! औषधावर धन भार आहे, त्याला धन टोकानं ढकलायचं. मी ऋण टोक लावलं, ते बिचारं जागच्या जागी अडकलं!”

“इतका गाढवपणा कसा केलास?”

“तुझ्या डोळ्यांकडे बघून वायर लावली की असंच होणार!”

म्हणाला… आणि त्याचे कान पुन्हा टोमॅटो झाले. या वेळी तूवाचेही! अठरा वर्षांत पहिल्यांदाच!

त्यानं चकती शेजारी, ताज्या जागी चिकटवली. या वेळी नजर फक्त वायरवर. रेघ थरथरली… उचलली… आणि चढतच गेली! चकती काढली तर खाली गुलाबी गोल उमटलेला.

“हा उपचार नाही हं,” तो घाईघाईनं म्हणाला. “आणि हा हात आहे, बोटं नाहीत. डॉक्टरांना दाखवच. पण उघडतात, तूवा. मस्त उघडतात!”

“शनिवारी मॅच बघायला येशील?”

“मला बँडीतलं ओ की ठो कळत नाही.”

“सोपं आहे. चेंडूकडे मी बघते, तू माझ्याकडे बघ.”

गुरुवार होता, म्हणून तिथल्या रिवाजाप्रमाणे घरी वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक. बाबा पॅनकेक उलटत होते, आई वाढत होती. तूवा खुर्चीत बसलीच नाही.

“आई, बाबा, आधी ऐका, मग ओरडा. सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतलीये, हातमोज्यांत घालायच्या गरम पिशव्याही आणल्यात. बोटं पांढरी पडली तर मी स्वतः बाहेर येईन, शप्पथ. पण कॅप्टनला कळवून टाकलंय… शनिवारी गोलमध्ये मी उभी राहणार!”