काकूची सूज उतरली

आईनं मला फक्त कुकर आणायला पाठवलं होतं. संत तुकाराम नगरात काकांकडे दिलेला, तो परत आणायचा, एवढंच. गुरुवार होता. एमआयडीसीची सुट्टी, त्यात लाइट गेलेली. एरवी कानात बसलेली पंख्यांची, वर्कशॉपची घरघर बंद. जिना चढताना माझ्याच चपला मला मोठ्यानं ऐकू येत होत्या.

उद्धवराव, माझे सख्खे काका, निघोज्याजवळ एका छोट्या औषध कंपनीत स्टोअर सांभाळतात. तिथे उंदरांवर एका प्रथिनाच्या चाचण्या चालू आहेत. खरं तर दोन प्रथिनं, एकाला एक जोडलेली. पुढचं पेशीच्या आवरणातून वाट काढतं, मागचं आत शिरून दाह शमवतं, मरायला टेकलेली पेशी वाचवतं. बायोटेक मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, तरी एवढं कळतं. उंदरांचं औषध माणसाला चोळायचं नसतं, हेही कळतं. काकांनी उरलेली बाटली घरी आणली, तिळाच्या तेलात कालवली आणि यशोदाकाकूच्या संधिवाताच्या हातांना रोज चोळली. सूज उतरली. काकू पुन्हा भाकऱ्या थापायला लागली. सोसायटीभर काकांचा उदोउदो. वर काकांचा माझं नाव घेऊन टोमणा, की कॉलेज सोडून घरी बसलेल्यांपेक्षा आमचं अडाण्याचं डोकं बरं.

दार उघडंच होतं. आत आंबलेल्या पिठाचा आणि तेलाचा वास कोंडलेला. काकू खिडकीपाशी मटार सोलत होती. प्रत्येक शेंग चटका बसल्यासारखी पटकन खाली टाकत होती. हात इतके गुळगुळीत, की पेरांवर सुरकुतीसुद्धा नाही. आणि मनगटं मोकळी. बांगड्यांशिवाय मी तिला कधीच पाहिलं नव्हतं.

"बांगड्या फुटल्या का गं?"

"नाही रे. आहेत की." तिनं आवाज खाली आणला. "ऐक…"

तिनं हात हलवला. किणकिण झाली. मोकळ्या मनगटातून. आतून.

मी वाकून पाहिलं. कातडीवर ना ओरखडा, ना लाली. खाली हिरवट वळी दिसत होती, शिरांसारखी, पण फार गोल. दुखत नाही, ती म्हणाली, फक्त आता काही हातात धरून ठेवायची भीती वाटते.

मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. तेवढ्यात काका आतल्या खोलीतून आले. डॉक्टर विचारणार औषध कुठून आणलं, मग कंपनीत कळणार. दिवाळीला ते रिटायर होणार, सत्कार ठरलेला. हे सगळं ते मलाच समजावत होते, काकू तिथे नसल्यासारखं. ती मान खाली घालून बसली होती.

"तुमच्या शालीसाठी हिनं असंच बसायचं?" मी विचारलं.

"कॉलेज झेपलं नाही, आणि निघालेत डॉक्टरकी शिकवायला," काका म्हणाले.

मी काकूला उठवायला तिचं मनगट धरलं. मऊ लागलं. फार मऊ. माझी बोटं भिजवलेल्या कणकेत रुतावीत तशी…

मी हात झटकून मागे घेतला. काकू ओरडली नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली. काकांना मनात भित्रा ठरवणारा मीच, आणि मला तोंड कुठं लपवू असं झालं.

कुकर तसाच टाकून मी जिन्यात आलो. जाता जाता ओरडून सांगितलं, की ॲम्ब्युलन्स बोलावतोय. काका मागोमाग आले.

"शार्दूल… पाया पडतो तुझ्या. सत्कार होईपर्यंत थांब."

त्यांनी हात जोडले. माझ्यावर आजवर उगारलेलेच हात ते. आता माझ्यापुढे जोडलेले. मला त्यांच्याकडे बघवेना. लाज त्यांची होती की माझी, तेही कळेना. काका, हात खाली घ्या, मी म्हटलं.

ते घेईनात. मग दिसलं, की ते घेऊ बघत होते. कोपरं ताणली गेली, खांदे थरथरले. दोन तळव्यांच्या मधली फट मला कुठेच दिसली नाही.

"मी तर हातमोजे घालूनच लावत होतो रे…" काका पुटपुटले.

आतून काकू विचारत होती, काय झालं. खिशातून फोन काढायला हवा होता. पण माझ्या मुठी आवळलेल्या होत्या, केव्हापासून ते आठवेना, आणि त्या उघडून बघायचा धीर होईना.