गूळ-पाणी झालं का?

भूत रातच्यालाच येतं आसं ज्यानं ठरवलं, त्यो मार्चातल्या दुपारी कडेगावच्या फाट्यावर कवा उतरला नसंल.

ही गोष्ट खरी हाय. खोटं रचायला डोकं लागतं. मी सातवीला दोनदा बसलोय, मला न्हाई जमायचं. ज्याच्यावर ही येळ आली त्यो मानसिंग, माज्या साडूचा पोरगा. साल नव्व्याण्णव. मार्च म्हयना, शुक्रवार, दुपारचं अडीच. जागा, आमच्या साखर कारखान्याचं कडेगावचं गट हापिस.

आता आदी मानसिंगचं काम सांगतो, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाई.

कुनाचा ऊस कवा तोडायचा, त्येची पाळी आमच्याकडं कॉम्प्युटरवर असायची. पुन्याची एक कंपनी म्हनत हुती, समदं आमच्याकडं ठिवा, आमी सांबाळतो. पर आमचे जुने कारकून विष्णुपंत म्हनले, ऊस आपल्या रानात, तर पाळी बी आपल्याच हापिसात. म्हनून पाच गट हापिसांत पाच मोटं कॉम्प्युटर बसवलं. त्येलाच सर्वर म्हनायचं.

ह्या सर्वरवर प्रोग्राम चढवायचा तर एक फ्लॉपी लागायची. तिच्यात हुकूम लिवलेलं, एकाखाली एक. ही डिस्क पूस, ही फाईल टाक, हे चालू कर. त्येला इन्स्टॉलर म्हनत्यात. ज्यानं प्रोग्राम लिवला त्येचा सत्कार झाला, नारळ-शाल मिळाली. इन्स्टॉलर सांबाळनाऱ्याला काय? शिव्या. औंधच्या गट हापिसात चालला तर कडेगावला अडकायचा, कडेगावला चालवला की आनि कुटंतरी बोंब. रोज त्येच्यात काय ना काय दुरुस्त करायचं.

विष्णुपंतांनी त्यो इन्स्टॉलर लिवला. मानूस वाईचा, ऊस वजन करायच्या काट्यावरचा कारकून, पुस्तकं वाचून कॉम्प्युटर शिकलेला. डिस्क पुसायच्या आदी त्येनी एक सवाल घातलेला. इंग्रजी अक्षरांत, पर मराठीच.

"गूळ-पाणी झालं का?"

व्हय म्हनून एच दाबला की मगच गाडी फुडं.

आपल्याकडं दारात आलेल्याला आदी गूळ-पानी देत्यात, मग इचारत्यात, काय काम काढलं. विष्णुपंत म्हनायचे, मानूस उनातनं येतो, घशाला कोरड, डोकं तापलेलं. तसाच बसला तर भलतीच डिस्क पुसंल. दोन घोट प्याला की डोळं उघडत्यात.

मानसिंगला ह्येचं लय हसू यायचं. पोरगं पुन्याला सा म्हयनं कोर्स करून आलेलं. चार इंग्रजी शब्द शिकला आनि म्हाताऱ्यांना येडं समजाय लागला. "कॉम्प्युटरला कुटं तहान लागती?" म्हनायचा.

विष्णुपंत अट्ट्याण्णवच्या मार्चमदी वारले. इन्स्टॉलर मानसिंगकडं आला. वरीसभर त्येनं त्यो सवाल तसाच ठिवला. मग एक दिवस उडवला. संगं "कुठली डिस्क पुसू?" हा सवाल बी उडवला. येळ वाचतो म्हनं.

आट दिसांनी त्यो कडेगावला गेला. जुन्या डिस्कवर हजारभर शेतकऱ्यांची पाळी. हंगाम संपत आलेला, ऊस रानात उभा, तुरं आलेलं. ती पाळी पुसली असती तर कुनाचा ऊस कवा तुटायचा हे देवालाच ठावं. आनि त्या पाळीची दुसरी नक्कल न्हाई. सायबांनी नक्कल घ्यायला फ्लॉपी मागवलीच न्हवती. लालासाहेब, कारखान्याचं मोटं सायेब आमचं. त्येंना फ्लॉपी आनि पापड ह्यातला फरक कळायचा न्हाई.

गट हापिसातल्या सयाजीनं नेमानं तांब्याभर पानी आनि गुळाचा खडा टेबलावर ठिवला.

"आदी पानी घ्या, सायेब."

"नंतर. तुमी जेवून या."

सयाजी गेला. मानसिंगनं आतनं कडी घातली, नवी डिस्क जोडली, फ्लॉपी सारली.

पडद्यावर वळी पळाय लागल्या.

आनि थांबल्या…

"गूळ-पाणी झालं का?"

मानसिंगला वाटलं, जुनी फ्लॉपी आली. काडून बगितली. तिच्यावर त्येच्याच अक्षरातली नवी चिट्टी. शेजारच्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली. वरपस्नं खालपतूर वाचली. सवाल न्हवता.

परत चालवली.

"गूळ-पाणी झालं का?"

एच दाबला. परत त्योच सवाल. परत दाबला. परत त्योच.

भाईर रस्त्यावर ट्रॅक्टर चाललेला, त्येचा आवाज यायचा बंद झाला. डोक्यावरचा पंखा फिरत हुता, पर त्येचा बी आवाज न्हाई…

मानसिंगनं सवालाला एक घानेरडी शिवी दिली. तांब्या उचलला, अर्दा रिता केला, खाली आपटला. एच दाबला.

ह्या येळंला सवाल गेला.

दुसरा आला.

"सोबतच्याला दिलं का?"

हा सवाल इन्स्टॉलरमदी कवाच न्हवता. विष्णुपंतांच्या न्हाई, मानसिंगच्या न्हाई, कुनाच्याच न्हाई.

खोलीत त्यो येकटा हुता.

मागं लाकडी खुर्ची हुती, भिंतीला लावलेली. ती करकरली… कोन बसल्यावर करकरती तशी. मग एक आवाज आला. बारका. कोरड्या घशानं कुनीतरी आवंढा गिळल्यावानी…

मानसिंग मागं वळला न्हाई. वळायची गरजच न्हवती. त्येला ठावं हुतं.

आता हे त्येनं वरीसभर कुनाला सांगितलं न्हवतं. विष्णुपंत वारले ते ह्याच हापिसात, ह्याच खुर्चीत. त्या दिवशी संगं मानसिंग हुता. कारखान्याची जीप मिळाली न्हाई. लालासाहेबांच्या घरच्यांना म्हाबळेश्वरला जायचं हुतं, स्ट्रॉबेरी खायला. मग साटीचा म्हातारा एस्टीनं फाट्यावर उतरला आनि तिथनं चालत आला, भर उनात. हापिसात शिपाई न्हाई, माठ कोरडा. पानी समोरच्या हाटेलात, ईस पावलांवर.

"मानसिंग, घोटभर पाणी आणतोस का रे?" विष्णुपंत म्हनले.

"धा मिंटं काका. एवडं चढू दे."

धाची चाळीस मिंटं झाली. मानसिंग मागं वळला तवा म्हाताऱ्याची मान कलली हुती. डाक्टर म्हनला, हृदय बंद पडलं. मानसिंगनं समद्यांना सांगितलं, बसल्या बसल्या गेले, पुन्यवान मानूस. तेराव्याला जिलबी खाऊन आला, शहाना.

आता त्योच सवाल फुड्यात. खाली दांडी लुकलुकती…

मानसिंगनं न बगता तांब्या उचलला. हात मागं केला.

"काका," त्यो म्हनला, "घ्या."

तांब्या हातातनं वडला न्हाई कुनी. नुसता… हलका होत गेला.

मग पंख्याचा आवाज आला. भाईरचा ट्रॅक्टर आला. आनि कॉम्प्युटरवर तिसरी वळ हुती, त्येनंच उडवलेली. "कुठली डिस्क पुसू?"

फुडं नाव टाकलेलं, पयली.

मानसिंगनं आता नीट बगितलं. नवी डिस्क जोडताना वायरी उलट्या लागलेल्या. पयली म्हंजे नवी असायला पायजे, ती जुनी झालेली. हजार लोकांची पाळी त्या पयल्या डिस्कवर. सवाल आला नसता तर दोन मिंटांत समदं साफ.

त्येनं न्हाई म्हनून एन दाबला, बटन बंद केलं आनि दार उगडून वट्ट्यावर जाऊन बसला. सयाजी आला तवा तिथंच हुता. सयाजी आत गेला, तांब्या घिऊन भाईर आला.

"समदं प्यालासा व्हय? बरं केलंसा. पार आतनं बी सुकलाय तांब्या."

फरशीवर एक थेंब न्हवता.

मानसिंगनं उडवलेले दोनी सवाल परत घातले. हाताखालची पोरं हसली. त्येंच्यापैकी रविराजनं गुपचूप सवाल काडून चालवून बगितलं. काय झालं न्हाई. सरळ चालला. कुनालाच काय दिसत न्हाई. मानसिंग बसला तरच…

आता त्यो कुटं बी कामाला बसला की दोन गिलास भरून ठिवतो. एक फुड्यात, एक मागं. काम झालं की आपला गिलास उचलतो. मागचा सयाजी उचलतो, न्हाईतर दुसरं कुनी. त्यो रिता हुता का भरलेला, हे मानसिंग कवा इचारत न्हाई.

हे एवडंच असतं तर मी बी हसलो असतो.

पर गेल्या म्हयन्यात त्यो औंधला गेला. फ्लॉपी घातली. पयला सवाल आला, पानी प्याला. दुसरा आला, मागं गिलास भरून ठिवलेला हुताच. एच दाबला.

तवा तिसरा आला. नवा.

मानसिंग तिथनं उटून एस्टीनं सरळ माज्या घरी आला. कागुद मागितला, सवाल लिवला, माज्या हातात दिला आनि माज्याकडं बगत ऱ्हायला.

"जीप कुठे गेली होती?"

त्येनं त्येचं उत्तर दिलेलं न्हाई. म्हनला, हे मी कसं द्यायचं, दादा?

खरं हाय त्येचं. त्या दिवशी म्हाबळेश्वरला जीप मी चालवत हुतो. म्हातारा कारखान्याच्या फाटकात हुबा हुता, डोक्यावर रुमाल घिऊन. मला हात केला त्येनं. मी हारन वाजवून म्होरं गेलो.

कागुद अजून फळीवर हाय. औंधचा सर्वर तसाच थांबलाय…