शक्यता नाकारता येत नाही

सकाळी पेपर उघडला की लोक हल्ली मथळा आधी वाचत नसत. आधी आकडा बघत. लेखकाच्या नावाशेजारी छोट्या चौकटीत छापलेला हा आकडा म्हणजे सत्यांक, हा माणूस आजवर शंभरातून किती वेळा खरा ठरला त्याचा दाखला. आकडा नव्वदच्या वर असला की वाचक चष्मा सावरून बसे. पन्नासच्या खाली असला की त्याच पानावर मेथी निवडायला घेई.

केतकी सबनीस यांचा सत्यांक एक्केचाळीस होता.

सत्यांकाची कल्पना मुळात वाईट नव्हती. मधली काही वर्षं अशी गेली होती की जो उठेल तो छातीठोकपणे उद्याचं सांगे. कुणी युद्ध जाहीर करी, कुणी मंदी, कुणी महासत्ता. खोटं ठरलं तरी कुणाच्या केसाला धक्का लागत नसे, दुसऱ्या दिवशी तोच माणूस नवं काहीतरी घेऊन हजर. शेवटी राष्ट्रीय पडताळणी मंडळाने एक यंत्रणा बसवली. ती प्रत्येक लेखातली भविष्याबद्दलची विधानं वेचून ठेवी आणि मुदत संपली की प्रत्यक्षाशी ताडून बघे. घडलं तर खरं, नाही घडलं तर खोटं. चाळिसाच्या खाली घसरलेल्या लेखकाचा स्तंभ त्याच दिवशी बंद. राशिभविष्य तेवढं यातून वगळलं होतं, कारण ते करमणुकीत मोडतं असं मंडळाचं मत पडलं. ज्योतिषी खूश होते.

लोकही खूश होते. मोठमोठे वाचाळ पंडित महिन्याभरात गप्प झाले, तेव्हा गावोगावी लोकांनी सुटकेचा आनंद मानला. 'सत्याला घाबरतो कोण?' असा लेख स्वतः केतकीनेच तेव्हा लिहिला होता.

"तुमचाच लेख हाय तो," संपादक विश्वासराव घोरपडे म्हणाले. सांगलीच्या 'दैनिक पाणवठा'चे ते संपादक. केबिनमध्ये दोघंच होते. "आता भोगा."

केतकीने समोर ठेवलेला लेख त्यांनी दोनदा वाचला होता. त्यातलं एकच वाक्य त्यांच्या घशात अडकलं होतं. 'राज्यातल्या सगळ्या महापालिकांच्या निवडणुका बेमुदत पुढे ढकलणारा वटहुकूम येत्या शुक्रवारी निघणार आहे.' कारण काय, तर मतदारांची मानसिक शांतता.

"खबर पक्की आहे," केतकी म्हणाली. "मसुदा टाईप होऊन तयार आहे. ज्याने सांगितलं त्याने तो डोळ्यांनी बघितलाय."

"मी कुठं नाही म्हणतोय? फक्त तेवढं 'निघणार आहे'च्या जागी आपलं नेहमीचं घाला की. 'वटहुकूम निघण्याची शक्यता नाकारता येत नाही.' काय बिघडतंय?"

खरंच काय बिघडत होतं? मराठी वर्तमानपत्रं हे वाक्य पिढ्यानपिढ्या वापरत आली होती. पण सत्यांक आल्यापासून त्याला सोन्याचा भाव आला होता. वटहुकूम निघाला तरी वाक्य खरं, नाही निघाला तरी खरं, कारण शक्यता तर होतीच. यंत्र बिचारं दोन्ही वेळा पूर्ण गुण देई. प्रभंजन निकम नावाचे एक गृहस्थ निव्वळ या वाक्यावर अठ्ठ्याण्णवपर्यंत चढले होते. त्यांच्या लेखात युद्धाची शक्यता नाकारता येत नसे आणि शांततेचीही.

"ते वाक्य वाचून कुणी खुर्चीतून उठत नाही, विश्वासराव."

"उठत नाही, पण तुमची खुर्ची तरी राहते. हे एक खोटं ठरलं तर तुमचा बावीस वर्षांचा 'तिरपी रेघ' स्तंभ बंद होईल, मॅडम. मला वाईट वाटेल, म्हणून सांगतोय." ते खरंच कळवळून बोलत होते. "मंगळवारचा अंक आहे. उद्या दुपारपर्यंत सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच केतकी कोल्हापूरला गेली. सत्यांकामागचं गणित ज्यांनी मांडलं त्या डॉ. रुबीना मुजावर तिथे विद्यापीठात शिकवत. संख्याशास्त्रातला दरारा मोठा, पण बाई साध्या. डब्यातली भाकरी अर्धी मोडून त्यांनी केतकीपुढे सरकवली आणि सगळं ऐकून घेतलं.

"मी 'निघणार' असं लिहिलं आणि वटहुकूम नाही निघाला, तर मी खोटी?" केतकीने विचारलं.

"यंत्राच्या लेखी खोटी."

"आणि मी लिहिलं म्हणूनच नाही निघाला तर?"

"तरीही खोटी." डॉ. मुजावरांनी हात पुसले. "हे बघा, भाकितं दोन जातींची असतात. उद्या पाऊस पडेल, ही एक जात. तुम्ही छापा, नाहीतर छापू नका, पावसाला फरक पडत नाही. पाऊस काही पेपर वाचत नाही. सरकार वाचतं. लोक वाचतात. सरकार शुक्रवारी काय करणार ते तुम्ही मंगळवारी छापलंत की चार माणसं जागी होतात, ओरडतात, आणि मग सरकार कधीकधी ते करतच नाही. याला आम्ही 'आत्मघाती भाकीत' म्हणतो. बोललं की स्वतःलाच खोडून टाकणारं."

"मग यंत्राला हे का नाही शिकवलंत?"

"काय शिकवू? तुमचा लेख छापलाच नसता तर काय झालं असतं, हे मोजायचं तर दुसरं जग पाहिजे. अगदी असंच, फक्त त्यात तुमचा लेख नाही. आणू कुठून? मी मंडळाला सांगितलं होतं, माणसांबद्दलच्या इशाऱ्यांना ही मोजपट्टी लावू नका. ते म्हणाले, मॅडम, जे मोजता येतं तेवढं मोजा." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "इशारे देणाऱ्या लेखकांमध्ये सगळ्यांत जास्त सत्यांक कुणाचा आहे, माहीत आहे? ज्यांचं कुणी ऐकलं नाही, त्यांचा."

परतीच्या बसमध्ये केतकीला भाकरीची चव आठवत होती आणि स्वतःची लाज वाटत होती. कारण एक गोष्ट तिने डॉ. मुजावरांनाही सांगितली नव्हती. घरी आल्यावर ती आईला सांगितली.

आईने भूगोल शिकवण्यात हयात घालवली होती. आता वय पंच्याऐंशी, गुडघे गेलेले, आवाज मात्र अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"आई, मला तो वटहुकूम निघायला हवाय."

"काय म्हणालीस?"

"निघाला तर मी खरी ठरेन. स्तंभ वाचेल. काल रात्रीपासून मनात तेच येतंय. निवडणुका गेल्या खड्ड्यात, माझा आकडा राहू दे." तिचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं मी ज्याच्या विरुद्ध लिहिलं, तेच घडावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेय."

आईने शेंगा सोलणं थांबवलं नाही. "लहानपणी तू गच्चीच्या कठड्यावर चढायचीस, आठवतंय? मी खालून ओरडायचे, 'केते, पडशील!' शब्द कानावर पडला की उतरायचीस. एकदाही पडली नाहीस."

"मग?"

"मग मी आयुष्यभर खोटंच बोलले की गं. माझा सत्यांक किती होईल? शून्य?" तिने सोललेले दाणे ताटलीत टाकले. "आणि खरी ठरायची हौस असती तर काय म्हणाले असते? 'पडण्याची शक्यता नाकारता येत नाही' असं म्हणून आत गेले असते."

केतकी रडता रडता हसली. मग तिने विश्वासरावांना फोन लावला. "निघणार आहे, असंच छापा."

मंगळवारी लेख आला. एक्केचाळीस आकडा बघून बऱ्याच जणांनी पान उलटलं, पण सगळ्यांनी नाही. सांगलीच्या वकिलांनी दुपारी सभा घेतली. हळदीच्या व्यापाऱ्यांनी सौदे थांबवून आमदारांना फोन लावले. बचत गटाच्या बायका मतदार ओळखपत्रं हातात धरून कलेक्टर कचेरीसमोर बसल्या, आणि ते फोटो बघून नाशिकच्या आणि लातूरच्या बायकाही बसल्या. गुरुवारी मंत्रालयातून खुलासा आला. असा कोणताही वटहुकूम विचाराधीन नव्हता, काही मंडळी जनतेची दिशाभूल करत आहेत. त्याच संध्याकाळी केतकीला खबर देणाऱ्या माणसाचा निरोप आला, मसुदा परत मागवला.

शुक्रवार कोरडा गेला. शनिवारी सकाळी विश्वासरावांचा फोन आला. "आला आकडा. अडतीस."

केतकी खुर्चीत बसली आणि वाईट वाटण्याची वाट बघू लागली. वाईट वाटेना. उलट ताप उतरल्यावर वाटतं तसं हलकं वाटू लागलं. निवडणूक होणार होती. ती खोटी ठरली होती, आणि असं सुख तिला खरी ठरूनही कधी मिळालं नव्हतं. तिने चहा टाकला आणि आईला हाक मारली.

मतदानाच्या दिवशी दोघी शाळेतल्या केंद्रावर गेल्या. रांग लांब होती, पण आईला लोकांनी पुढे सोडलं. बोटाला शाई लावून ती बाहेर आली आणि काठी न टेकता पायऱ्या उतरू लागली.

"आई, पडशील!"

आईने कठडा धरला. सावकाश खाली आली. मग वळून म्हणाली, "गेला बघ तुझा आणखी एक अंक."

दोघी इतक्या हसल्या की बंदोबस्ताचा पोलीसही हसायला लागला. कोपऱ्यावरच्या टपरीवर त्यांनी चहा घेतला. बाकावर त्या दिवशीचा 'पाणवठा' पडला होता. 'तिरपी रेघ'च्या जागी प्रभंजन निकमांचा नवा स्तंभ सुरू झाला होता. शेजारी चौकटीत ठसठशीत अठ्ठ्याण्णव. चहा पिणारे दोघंतिघं त्यावर वाकले होते.

"अभ्यास लई दांडगा या माणसाचा," एकजण म्हणाला. "कधी चुकत नाही." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि पान उलटून क्रिकेट काढलं.

ते उठून गेल्यावर आईने पेपर ओढला, चष्मा लावला आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "'यंत्राला आता प्रत्येक नागरिकाचं मत आधीच कळत असल्याने, यापुढे मतदान घेण्याऐवजी मतांचा नुसता अंदाज काढला जाईल, ही शक्यता नाकारता येत नाही.'"

तिने पेपर खाली ठेवला. आजूबाजूला बघितलं. रस्त्यावर सगळं शांत होतं, लोक बोटावरची शाई वाळवत घरी चालले होते.

"केते," ती म्हणाली, "अगं, सरकार कठड्यावर चढलंय, असंच सांगतोय हा माणूस. मग कुणी ओरडत का नाही?"