शून्यावरचा काटा

"माझा नवरा खोटं बोलत नाही. एवढं सिद्ध करा, बाकी मला काही नको."

फहमिदा तांबोळी दारातूनच बोलली. पौडच्या बाजारात, पिठाच्या गिरणीवरच्या माडीत जया ढमालेचं ऑफिस होतं. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबलावरच्या कपबशा नाचायच्या. बाई गुप्तहेर म्हटल्यावर गावानं आधी नाक मुरडलं होतं. आता तेच गाव हरवलेल्या म्हशीपासून मोडलेल्या लग्नापर्यंत सगळं तिच्याकडे घेऊन येई.

"आधी बसा," जया म्हणाली. "मामा, चहा सांगा."

कोंडाजीमामा तिचे सख्खे मामा, निवृत्त हवालदार. अंगानं आडवे, मनानं सरळ आणि डोक्यानं जरा सावकाश.

फहमिदानं सांगितलं ते असं. तिचा नवरा रफीक पिरंगुटच्या एका रंगाच्या कारखान्यात गॅसचे मीटर सांभाळायचा. टाकीत माणूस उतरण्याआधी हातात मावणाऱ्या त्या मीटरनं आतली हवा तपासायची. घातक वाफ असली की काटा चढतो. खुद्द मीटर खरं बोलतोय ना, हे बघायला रफीक रोज सकाळी त्याला बाटलीतला ठराविक गॅस द्यायचा. काटा खुणेवर गेला, तरच मीटर कामाचा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, भैरू नावाचा कामगार थिनरच्या टाकीत उतरला आणि आतच कोसळला. मीटरचा काटा मात्र शून्यावर होता. भैरू वाचला, पण आळ रफीकवर आला. मीटर न तपासताच तो जुम्म्याच्या नमाजाला निघून गेला, असं कारखाना म्हणत होता.

"ह्यांना ठाण्यात बसवलंय, उद्या कोर्टात उभं करणार आहेत," फहमिदा म्हणाली. "हे म्हणतात, मीटर तपासला होता. मी येईपर्यंत कुणाला उतरवू नका, असंही सांगितलं होतं."

"मीटर जुना झाला होता का?"

"जुना होता, पण नुकताच दुरुस्त केलेला. खंडेनवमीच्या आधीच हे पुण्याला घेऊन गेले आणि शुक्रवारी सकाळी परत आणला. बसमध्ये मांडीवर धरून, तान्ह्या पोरासारखा."

चहा येईपर्यंत जया जिना उतरलीही होती. मामांनी कप तसाच ठेवला आणि लॅम्ब्रेटा स्कूटरला किक मारली.

कारखान्यात फौजदार पंचनामा आवरत होता. तो मामांच्या हाताखाली शिकलेला, त्यामुळे जप्त केलेला मीटर जयाच्या हातात यायला अडचण पडली नाही. तिनं बॅटरी पाहिली, ती भरलेली होती. बाटलीतला गॅस दिला. काटा ढिम्म हलला नाही.

"मेलाय," मामा म्हणाले. "पण काय चकाकतोय बघ! मिशीचा केस न् केस दिसतोय."

जयानं चामडी पट्ट्याच्या शिवणीत नख घातलं. नखाला लाल कण लागले. तिनं ते रुमालात टिपून घेतले.

सुपरवायझर हैबतराव पहिल्या प्रश्नालाच उसळला.

"मीटर माझ्याच हातात हुता, बाई! एकदा न्हाई, दोनदा मोजलं. काटा शून्य. मग उतरवलं भैरूला."

"रफीकसाठी का थांबला नाहीत?"

"दुसऱ्या दिवशी मालक येणार हुते. टाकी तयार ठेवतो म्हणून शब्द दिलावता म्या. अन् मीटर बराबर हाय, असं रफीकच सांगून गेलता."

"असा मीटर एकच आहे?"

"दुसरा हाय की जादाचा, स्टोअरच्या कपाटात. पर पूजा झाल्यापास्नं त्या कपाटाला म्या हातबी लावला न्हाई."

स्टोअर कुशाबाच्या ताब्यात. म्हातारा हळवा आणि बोलका. त्यानं हौसेनं कपाट उघडलं. पाने, हातोडे, वजनं, सगळं लखलखत होतं आणि प्रत्येकावर कुंकवाचं बोट होतं.

"खंडेनवमीला समद्यांची पूजा केली," कुशाबा म्हणाला. "डब्याची झाकणं चिकटू न्हाईत म्हनून साच्याला मारत्यात न्हवं, त्यो सिलिकॉनचा फवारा मारला. आरशावानी झालं बघा!"

मामांनी वरच्या फळीवरचा मीटर उचलला. "याला विसरलास की रे कुशाबा. कुंकू न्हाई आन् चकाकी बी न्हाई."

"विसरीन कसा? म्या सोत्ता लावलं हुतं!" कुशाबा बुचकळ्यात पडला. "पुसलं आसंल कुणी तरी."

"रफीकनं शुक्रवारी मीटर तपासला?" जयानं विचारलं.

"व्हय, माझ्यासमोर! काटा झटक्यासरशी चढला. पर कुणी ऐकंना. म्हणत्यात, दोस्ताला वाचवतोय."

"मग अपघात झाला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"महाळुंग्याला. लेकीला बघाय पाव्हणं यायचं हुतं. चावी हैबतरावाकडं दिली, ती शनिवारी परत घेतली."

तिथून दोघं पुण्याच्या दवाखान्यात गेले. भैरू खाटेवर टेकून बसला होता. त्याची बायको साळूबाई त्याला चमच्यानं पेज भरवत होती.

"हैबतरावसाहेब मीटर घिऊन आलं," भैरू खोकत म्हणाला. "काटा बघून त्वांडातल्या त्वांडात शिव्या घातल्या. मला म्हणलं थांब, आन् आत गेलं. परत आलं, परत मोजलं, आन् म्हणलं, उतर आता."

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "दोनदा मोजलं हे खरं की गं. काळजी घेणारा माणूस दिसतोय."

जया खळखळून हसली. "मामा, आज दोनदा तुमच्या तोंडून सोनं पडलं. आता फौजदाराला म्हणावं, रफीकला घेऊन कारखान्यात ये."

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या वेळेआधीच सगळे स्टोअरमध्ये जमले. दाढी वाढलेला रफीक मान खाली घालून उभा होता. फहमिदा त्याच्या शेजारी. टेबलावर दोन मीटर, जुळ्या भावांसारखे.

"हा टाकीपाशी सापडला," जयानं चकचकीत मीटर उचलला. "वरचं कुंकू पुसलंय, पण याच्या शिवणीत ते राहिलंय. आणि रफीकचा मीटर तर खंडेनवमीला पुण्यात होता! त्याला कुंकू लागणारच कसं? म्हणजे हा कपाटातला जादाचा मीटर. आणि कपाटात आहे तो बिनकुंकवाचा, रफीकचा. अदलाबदल झाली आहे."

"पण जादाचा मेला कशानं?" फौजदारानं विचारलं.

"कौतुकानं. मीटरच्या आतला गॅस ओळखणारा मणी सिलिकॉनच्या वाफेनं निकामी होतो. बॅटरी चालते, काटा शून्यावर गुमान बसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं हवा चांगली आहे."

कुशाबानं कपाळावर हात मारला. "म्या मारला व्हय? पूजा करून?"

"पूजेनं नाही, कुशाबा, फवाऱ्यानं. तुम्हाला ते माहीत नव्हतं. आता प्रश्न एवढाच, मीटर बदलला कुणी? शुक्रवारी कपाटाची चावी एकाच माणसाकडे होती. कपाटाला हातही लावला नाही, असं सांगणाराही तोच."

हैबतरावानं दाराकडे पाहिलं. दारात मामा उभे होते आणि मामा म्हणजे पुरतं दार.

"रफीकच्या मीटरचा काटा चढला, म्हणून तुम्ही शिव्या घातल्यात. तो कपाटात ठेवून दुसरा आणलात. दोनदा मोजलंत खरं, पण दोन मीटरनी!"

जयानं बिनकुंकवाच्या मीटरला गॅस दिला. काटा सरसर चढला आणि खुणेवर जाऊन थांबला. फहमिदाच्या तोंडून हुंदका फुटला.

हैबतराव स्टुलावर बसला. "मला वाटलं, रफीकचाच बिघडला आसंल. भैरूचं वाईट चितलं न्हवतं म्या. देवाशपथ!"

"दोन मीटर दोन गोष्टी सांगत असले, तर कुणालाच उतरवायचं नसतं," जयाचा आवाज चढला. "तुम्ही सोयीचा मीटर खरा मानलात. आणि भैरू पडल्यावर? तेव्हा तर कळलं होतं ना कोणता खरा? तरी गप्प बसलात आणि या माणसाला ठाण्यात रात्री काढायला लावल्यात. लाज नाही वाटली?"

फौजदारानं रफीकला मोकळं केलं आणि हैबतरावाच्या खांद्यावर हात ठेवला.

कुशाबा रफीकपुढे हात जोडून उभा राहिला. "पुढल्या नवमीला तुझ्या मीटरला शिवणारबी न्हाई बाबा."

"असं कसं? त्याचीही पूजा झाली पाहिजे," रफीक त्याचे हात धरत म्हणाला. "समोर फूल ठेव, चाचा. फवारा तेवढा नको."

"चला घरी," फहमिदानं डोळे पुसले. "अम्मी वाट बघतायत."

रफीकनं टेबलावरचा आपला मीटर उचलला, पट्टा गळ्यात अडकवला. खिडकीतून टाकी दिसत होती. झाकण अर्धवट सरकलेलं आणि जवळून कामगारांची ये-जा चाललेली.

"पाचच मिनिटं. तेवढं एकदा बघून येतो."

"आत्ता?" मामा ओरडले. "अरे, सुटलास की तू!"

"मी सुटलो, मामा. टाकीत अजून वाफ आहे."

तो निघाला. फहमिदा पायरीवर बसून राहिली. रडता रडता तिला हसू आलं.

"बघितलंत? हे तपासल्याशिवाय जातील कधी?" ती जयाला म्हणाली. "म्हटलं होतं ना मी!"