नावाची ओळ

खळ्यावर धानाची राखण चालली होती. शेकोटीपाशी बसून गुड्डू कधीपासून एकच गाणं गुणगुणत होता, तेही अर्धंच. बकारामकाकांनी तंबाखू मळता मळता त्याच्याकडे पाहिलं.

"काऊन रे, दुसरं गाणं नाही का तुले?"

"डोक्यातून जाऊनच नाही राहिलं, काका."

"जाईन कसं? शेवट कापला ना त्याचा. ज्या गाण्याचा शेवट होते, ते निजते. ज्याचा कापला, ते मानसाच्या डोक्यात फिरते, आपली ओळ शोधत. उदारामले विचार."

"कोन उदाराम?" आचलनं शाल डोक्यावरून घेतली.

"मुर्रीचा. ढोलक वाजवते, गाडी चालवते. खोटं बोलाले अक्कल लागते, तेवढी त्याच्यापाशी नाही. म्हनून सांगतो."

गेल्या वर्षी भाऊबीज होऊन चौथी रात्र होती. उदाराम आणि कैलाश मुर्रीहून कामठ्याला निघाले, ते अगदी साध्या कामाला. ईश्वरदासकडे दुरुस्तीला टाकलेली बाजाची पेटी आणायची होती. कैलाश गाणारा, दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, तिथं त्याला बोलावणं असायचंच. दुसऱ्या दिवशी नागपूरला त्याचं रेकॉर्डिंग होतं. गाणं हेच, गुड्डूच्या डोक्यात बसलेलं.

पण गाणं त्याचं नव्हतं. ते कामठ्याच्या निर्मलाबाईचं. आषाढात धानाच्या रोवणीला बायांची टोळी तिच्या मागं असायची. ती ओळ टाकायची, बाया झेलायच्या. गुडघाभर चिखलात वाकून तिनं ते रचलं होतं. तिच्या टोळीची एक रीत होती. शेवटच्या बांधीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात, शेवटचा पऱ्हा, धानाचं कोवळं रोप, रोवला, की शेवटची ओळ म्हणायची. त्या ओळीत निर्मलाबाईचं नाव. नाव आलं, की बायांनी चिखलातून पाय काढायचे. त्याआधी नाही.

त्या रात्रीच्या आदल्या वर्षी, रोवणी चालू असताना, कैलाशनं बांधावर कोरड्या पायांनी उभं राहून ते मोबाइलमध्ये भरलं. नावाची ओळ छाटली. मग स्वतः गाऊन आपल्या नावानं सगळीकडे पसरवलं. बाईच्या मेहनतीवर पुरुषाचं नाव चढायला कितीसा वेळ लागतो? महिन्याभरात ते पोरापोराच्या तोंडी झालं.

निर्मलाबाई त्याच्या दारात गेली.

"बाबू, बाकी सारं ठेव तुह्याजवळ. माह्या नावाची ओळ तेवढी लाव."

चार माणसांदेखत तो हसला. "चिखलातल्या गाण्याले कोनी मालकीन असते का, बाई?"

ती रडली नाही. रडणाऱ्यांतली नव्हतीच. म्हणाली, "चिखलातून पाय काढाले माह्यं नाव लागते, बाबू. तू आता उभाच राय."

त्याच हिवाळ्यात ती तापानं गेली.

तर पेटी घेऊन दोघं परत निघाले, तेव्हा षष्ठीचा चंद्र बुडाला होता. पेटी मागच्या सीटवर. दोन्ही बाजूंना कापणीला आलेलं धान. बांध्यांतलं पाणी केव्हाच आटलेलं. कैलाश खुशीत होता.

"उदाराम, नागपूरवाल्याले गाण्याचा शेवट पाहिजे. जुळवला मी. ऐक."

"कोनाच्या नावानं जुळवला?"

"माह्या. अजून कोनाच्या?"

उदारामनं गाडीचा वेग वाढवला. कैलाशनं सुरुवातीपासून धरलं.

*पाण्यात उतरलं आभाळ बाई, आभाळात रोवते धान...*

धानातून ओळ परत आली. बायांच्या आवाजात. झेललेली.

"मंडईच्या बाया असतीन," कैलाश म्हणाला.

"इथं? अंधारात?"

*वाटेवर उभं कोन गं बाई, कोन देते गाण्याले कान...*

ही पण झेलली गेली. आता आवाज रस्त्याच्या कडेला होता. गाडीच्या बरोबरीनं चालत.

"बस कर, कैलाशभाऊ."

कैलाशला बस करता येईना. दोन्ही हातांनी तो स्वतःचा गळा दाबत होता. तरी ओळ येतच होती.

*कैलाश म्हने...*

शांत.

कोणीच झेललं नाही. किडेसुद्धा थांबले.

मग वास आला. चिखलाचा. ओला, आषाढातला... गाडीच्या आत.

आणि मागच्या सीटवरून, हळूच, शिकवल्यासारखं:

"चुकलं. पयल्यापासून म्हन."

त्यानं म्हटलं. पहिली ओळ. दुसरी. *कैलाश म्हने...*

"चुकलं."

परत.

"चुकलं."

उदारामनं आरशात पाहिलं नाही. अजूनही देवाचे आभार मानतो, पाहिलं नाही म्हणून. "नाव घे तिचं," तो म्हणाला. "घे ना रे, पाया पडतो."

कैलाशनं तोंड उघडलं. "नि..."

पुढं नुसता वारा.

"आता नाही, बाबू," मागून आलं. "तू कापली ना. ते ओळ तुले नाही."

मुर्रीचे दिवे दिसले तेव्हा मागं कोणी नव्हतं. कैलाशचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

बकारामकाकांनी शेकोटीत लाकूड सारलं.

"आजबी हलतेत. पयली ओळ, दुसरी, मंग अडकते. परत पयली. रातभर. डॉक्टर म्हनते, गळा चांगला आहे."

"मंग शेवटची ओळ काय होती, काका?" गुड्डूचा आवाज बारीक झाला होता.

काकांनी घसा साफ केला.

"*निर्मला म्हने, झाली रोवनी, आता सोडा गं रान.* घे. निज आता. कामठ्यात लेकराले येते हे ओळ. एका त्यालेच नाही येत."

गुड्डूचं गुणगुणणं थांबलं होतं, हे आचलच्या उशिरा लक्षात आलं.

"अन् पेटी?" तिनं विचारलं.

"पेटी वाजेना, म्हनून उदारामनं ती ईश्वरदासकडे परत नेली. ईश्वरदास चिडला. आत्ताच तं दुरुस्त केली, म्हने. स्क्रू त्यानंच कसले होते, तसेच होते. त्यानं ते काढले... पाटी उचलली..."

काकांनी हातावरची तंबाखू शेकोटीत झटकली.

"आत पऱ्ह्यांची जुडी होती. कार्तिकात, जेव्हा कोनाच्याच वावरात पऱ्हा नसते. हिरवीगार. मुळांचा चिखल अजून ठिबकत होता."